सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य: पावसाळा संपल्यावर कोण गेलंय का?

रानगवत

दसरा झाला की आमच्याकडे ‘कुठेतरी जाऊ या’चा धोशा सुरू होतो आणि नेमकी तेव्हाच पंचाईत असते. कासची फुलं ओसरलेली, ताम्हिणीचे धबधबे आटत आलेले, भिगवणला रोहित यायला अजून अवकाश. या मधल्या दिवसांसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: सुपे. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य. क्षेत्रफळ जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. मोरगावच्या गणपतीला जाणारी मंडळी त्याच्या शेजारूनच जातात. पाटी वाचतात, “इथे काय असेल?” म्हणतात, आणि पुढे जातात.

आत गेल्यावर पहिल्यांदा वाटतंही तसंच. चढउताराचा माळ, मध्येमध्ये मुरमाची उघडी जागा, कुठे हिवर, कुठे बोर-बाभळी. पण ऑक्टोबरात त्या माळावर गवत उभं असतं. घाटावर जुलैत पाऊस कोसळतो तेव्हा इकडे नुसतं वारं आणि भुरभुर. सह्याद्रीच्या पडछायेचा हा पट्टा, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा परतीचा. उत्तरा आणि हस्त बरसले तर गवत. त्यामुळे ते पिकतं ते आश्विनात. कुसळी तांबूस होते, मारवेल जांभळट, शेडा पिवळा. सकाळी साडेसहाला ऊन तिरपं आलं की तो सगळा उतार पेटल्यासारखा दिसतो. नऊ-साडेनऊनंतर हेच दृश्य डोळ्यांवर येतं आणि डोकं तापतं, तेव्हा उशिरा उठणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

या वेळी दिसलेलं: चिंकाऱ्यांच्या दोन छोट्या टोळ्या, चंडोलांची बरीच धावपळ, तारेवर नीलपंख, कापशी घार एका जागी पंख मारत हवेत थांबलेली, रुईवर बिबळ्या कडवा फुलपाखरं. तरवड अजून फुलतोय. पायाशी बघून चालणाऱ्यांना निळी विष्णुक्रांता दिसेल. भोवत्या मात्र एकही नाही. मला घाई झाली की त्यांना उशीर झालाय? या आठवड्यात कुणी गेलं असेल तर सांगा.

चहाबाज

मी गेलोय. उन्हात दोन तास तंगडतोड केली. सातभाईंचा एक थवा आणि फार लांबून एका हरणाचं ढुंगण, एवढं पदरी पडलं. बायको अजून ऐकवते. ताडोबा बघितलेल्या माणसाला इथे पाठवू नका, एवढीच विनंती.

खोकड

@चहाबाज, ढुंगण दिसलं म्हणजे चिंकारा दिसला की! शेपूट काळी होती आणि सारखी हलत होती ना? माळावर त्याला शोधायची खूणच ती आहे. अंगाचा रंग गवतात इतका मिसळतो की उभा प्राणी दिसत नाही, हलणारी काळी शेपटी दिसते.

तंगडतोड केली इथेच गोम आहे. माळावर आडोसा नाही. तो तुम्हाला दिसण्याच्या कितीतरी आधी तुम्ही त्याला दिसलेले असता. चिंकारा पळतो, पण थोडं अंतर गेल्यावर हमखास थांबून मागे वळून बघतो. आपण मागे लागलो की पुन्हा पळतो. त्यापेक्षा एक उंचवटा धरा, वारा तोंडावर घ्या आणि बसून राहा. गाडी आत नेली असेल तर गाडीतूनच बघा, गाडीला ते माणसाइतके बिचकत नाहीत. दार उघडून पाय खाली ठेवलात की संपलं.

आणि एक, रेहेकुरीला काळवीट बघून आलेले लोक इथेही पीळदार शिंगं शोधत बसतात. चिंकाऱ्याची शिंगं लहान असतात, वळ्या असतात पण तसा पीळ नसतो. काळविटाच्या मादीला शिंगं नसतात, चिंकाऱ्याच्या मादीला असतात, बारीक काड्यांसारखी. म्हणून शिंगं दिसली की लगेच ‘नर’ असं वहीत लिहू नका.

@रानगवत, भोवत्यांचं म्हणाल तर मला परवा संध्याकाळी सुप्याच्या अलीकडे पडीक रानावर एक दिसला. मादी किंवा यंदाचं पिल्लू असावं, तपकिरी होतं. राखाडी नर अजून नाही.

पडवी

भोवत्या म्हणजे हॅरियर का? हे घारीसारखंच काही असतं ना? अडाणी प्रश्नाबद्दल माफी. मी फक्त रानगवत यांच्या वर्णनामुळे धाग्यात शिरले.

खोकड

@पडवी, हो, हॅरियर. घार उंच गोल गोल फिरते. हा जमिनीपासून पाच-सात फुटांवरून गवत चाळत जातो, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून, मध्येच कलंडतो. एकदा ती चाल बघितली की पुन्हा चूक होत नाही. आपल्याकडे येणारे बरेचसे माँटेग्यू आणि पॅलिड जातींचे. कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांत वीण करून सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात, मार्च-एप्रिलपर्यंत परततात. दिवसभर माळावर आणि शेतांवर नाकतोडे, टोळ, चंडोल, उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर नाही, उंच गवतात जमिनीवर झोपतात. मोक्याच्या जागी संध्याकाळी एकेक करत बरेच जमतात.

आता जोडा हे सगळं: हस्ताच्या पावसाने गवत वाढलं, गवतावर नाकतोडे वाढले, नाकतोड्यांमागे भोवत्या आला. गवत कापलं, पेटलं किंवा नांगरलं गेलं तर त्याचं खाणं आणि अंथरूण दोन्ही एकदम गेलं.

दोन_पोरांची_आई

खूप छान माहिती. पण मुलांना घेऊन जावं का? मोठा नऊचा, धाकटी सहाची. तासभर ‘शांत बसा’ म्हटलं तर घरचे चिंकारे आधी पळतील.

रानगवत

@दोन_पोरांची_आई, न्या. फक्त त्यांना हरीण दाखवायला नेताय असं सांगू नका. गवत दाखवायला नेताय म्हणा.

कुसळीचं वाळलेलं बी हातात द्या. एका टोकाला सुईसारखं टोक, त्याला मागे वळलेले केस, आणि वर लांब काळपट कुसळ. तळहातावर थोडं पाणी घेऊन ते ओलं करा. कुसळ आपोआप फिरायला लागतं, पीळ सुटतो. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. जमिनीवर पडलेलं बी दवाने भिजतं, उन्हाने वाळतं, आणि त्या फिरण्याने स्वतःला मातीत रुतवून घेतं. मागे वळलेल्या केसांमुळे परत बाहेर येत नाही. तुमचा नऊ वर्षांचा अर्धा तास हेच करत बसेल, पैज.

तोटा असा की तेच बी तुमच्या मोज्यांतही स्वतःला रुतवून घेतं. लोकरी किंवा जाड सुती मोजे घालू नका, गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला. सराट्यामुळे पातळ रबरी चपला तर नकोतच. दगड उचलायचे नाहीत हे पोरांना गाडीतच बजावा. या पट्ट्यात फुरसं आहे आणि ते दगडाखालीच असतं.

करहाकाठ

मी याच भागातला. घर मोरगाव रस्त्याला. धागा बघून बरं वाटलं, नाहीतर आमच्याकडे पुण्याहून लोक येतात ते देवाला नाहीतर प्लॉट बघायला.

थोडं आमच्या बाजूने सांगतो. चिंकारा अभयारण्यात राहतो हे अर्धंच खरं आहे. तुमच्या त्या पाच चौरस किलोमीटरची हद्द त्याला कुणी दाखवलेली नाही. पहाटे तो आमच्या मटकीत असतो, थंडीत हरभऱ्याच्या शेंड्यांवर असतो. मोर त्याहून जास्त नुकसान करतो, पण मोराला कुणी बोलत नाही. आमच्या आज्ज्याच्या वेळी निम्मं रान पडीकच असायचं, तेव्हा हरणाचं खाणं कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. आता जनाई-शिरसाई योजनेचं पाणी जिथे पोचलं तिथे ऊस उभा राहिला. उसात चिंकाऱ्याचं काही काम नाही. त्याला लांबवर दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळी जागा पाहिजे. जिथे पाणी नाही तिथे प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली. तार रात्री दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोकाट कुत्री. हॉटेलांच्या मागे टाकलेल्या अन्नावर वाढतात आणि टोळीने माळावर जातात. पाडसाला लांडग्यापेक्षा कुत्र्याची भीती जास्त आहे आता.

तेव्हा या, बघा, पण येताना खाण्याचं उरलंसुरलं रस्त्याकडेला फेकू नका. ‘जनावरं खातील’ म्हणून लोक टाकतात. खातात ती कुत्री.

अनुस्वार

वाचतोय. अवांतर: याच सुप्यात १२ मे १८७५ ला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे तिथून सुरू झाले आणि पुढे १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा आला. हस्त चुकला की इथल्या माणसाचं काय होतं, त्याचा तो पुरावा. रानगवत गवताबद्दल जे सांगताहेत तेच, फक्त पिकाच्या बाजूने.

चहाबाज

अवांतर कसलं, हे मूळ धाग्यापेक्षा रंजक आहे. :)

देवराष्ट्रे_ते_पुणे

आमच्या सागरेश्वरची आठवण झाली. तेही लहानच, १०.८७ चौरस किलोमीटर, १९८५ ला अभयारण्य झालं. पण गोष्ट अगदी उलटी. डोंगर बोडका होता. धों. म. मोहित्यांच्या पुढाकाराने लोकांनी झाडं लावली, जगवली, सांबर-चितळ आणून सोडले. आज ऑक्टोबरात वरून कृष्णेचं खोरं बघा, उसाचा हिरवा पट्टा आणि खाली जुनी देवळं. मन भरतं.

म्हणून मला एक विचारायचंय. सुप्याच्या उघड्या माळावरही अशी झाडं का लावत नाहीत? सावली होईल, पाणी मुरेल, पाखरं वाढतील.

खोकड

नको! हात जोडतो, नको.

देवराष्ट्रे_ते_पुणे

हात जोडण्यापेक्षा कारण सांगितलंत तर बरं. आमचा डोंगर झाडांनीच वाचला आहे. तिथल्या माणसांनी घागरीने पाणी घातलंय.

खोकड

बरोबर आहे, कारण द्यायला हवं. सागरेश्वरला नावं ठेवायचा हेतू अजिबात नाही.

माळ म्हणजे जंगल तुटून उरलेली जागा, असं आपण धरून चालतो. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण दख्खनचा गवताळ माळ स्वतःच एक जुनी व्यवस्था आहे. इथली माती वीतभर, खाली मुरूम, पाऊस बेताचा. इतक्यात गवत आणि विखुरलेली हिवर-बोरं टिकतात. चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक, पखुर्डी, चंडोल हे सगळे उघड्यावरचे जीव. धाविक आणि टिटवी तर मुरमावर नुसती अंडी घालतात, घरटं नाही. त्यांना चारी बाजूंनी दिसायला हवं. तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) दाट लावलं की खालचं गवत मरतं, शिकाऱ्याला आडोसा मिळतो आणि हे सगळे निघून जातात. हे कल्पनेतलं नाही, माळांवर गिरिपुष्पाच्या रांगा ठिकठिकाणी बघायला मिळतात. त्या रांगांत जाऊन चंडोल शोधून दाखवा.

याचं मूळ कागदात आहे. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत असे माळ-खुरटी राने ‘पडीक’ म्हणूनच मोजतात. पडीक म्हटलं की दोनच इलाज सुचतात, झाडं लावा नाहीतर सौरऊर्जेची तावदानं उभी करा.

देवराष्ट्रे_ते_पुणे

मुद्दा कळला, निम्मा पटला. जमीन बघून ठरवावं एवढं मान्य. पण सागरेश्वरला लोकांना ‘हे आपण केलं’ असा अभिमान आहे. तुमच्या माळाबाबत लोकांनी करायचं काय, तर काहीच करू नका? त्यातून माणसं कशी जोडली जाणार?

करहाकाठ

लाखातला प्रश्न विचारलात.

आमच्याकडे माळाशी जोडलेली माणसं म्हणजे धनगर. दिवाळी झाली की त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरते तळ, कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. म्हणजे ऑक्टोबर हा त्यांचा निघायच्या तयारीचा महिना. शेतात मेंढ्या बसवण्याचे सौदे याच दिवसांत ठरतात. अभयारण्याच्या आत चराई बंद आहे, बाहेरच्या माळावर मेंढरं असतात. कुसळी फुलायच्या आधी चरली तर चांगला चारा आहे. एकदा कुसळं धरली की मेंढराच्या लोकरीत आणि तोंडात जातात, मग तिकडे कुणी फिरकत नाही. माळ कधी चारायचा आणि कधी सोडायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

लांडगाही त्यांच्याच मागे असतो. रात्री वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं आत घेतात, तरी कधीतरी एखादं कोकरू जातंच. आमचा एक म्हातारा मेंढपाळ म्हणायचा की त्याचा वाटा त्याला गेला. सगळेच तसं म्हणतात असं नाही, शिव्याही देतात. पण विष घालायचं की नाही हे शेवटी तोच माणूस ठरवतो. तेव्हा झाडं लावायला माणसं जोडता तशी या माणसांना जोडा, मला तरी एवढंच कळतं.

रानगवत

@करहाकाठ, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका, प्लीज.

@देवराष्ट्रे_ते_पुणे, तुमचा प्रश्न मलाही टोचला. माझं मत सांगते. राखीव जागा एवढीशी असली की ती आजूबाजूच्या पडीक रानावर जगते. माळढोकसाठी सोलापूर-नगरमध्ये एकेकाळी ८,४९६ चौरस किलोमीटर अभयारण्य कागदावर होतं, त्यात गावंच्या गावं आली, लोक वैतागले आणि पुढे ते मोठ्या प्रमाणात आक्रसलं. माळढोक तरी कुठे राहिला? याउलट सुप्यात हद्द चिमुकली आहे, पण बाहेर ज्वारी-बाजरी-मटकी आणि अधूनमधून पडीक, असं रान होतं म्हणून चिंकारा टिकला. म्हणजे बाहेर कोरडवाहू शेती परवडली पाहिजे. आपण पुण्यात मटकी आणि बाजरी खातो ती अशाच कोरडवाहू रानातली, एवढा संबंध तर आहेच.

शरदात जायचा माझा हट्ट याचसाठी. उन्हाळ्यात आत आणि बाहेर सगळं सारखंच भुंडं दिसतं. आता हद्दीच्या तारेपाशी उभं राहिलं की एका बाजूला गुडघ्याएवढं गवत आणि दुसऱ्या बाजूला नुकती पेरलेली ज्वारी, ऊस, नाहीतर चुन्याने आखलेले प्लॉट. नकाशा वाचायची गरजच नाही.

पेन्सिल्व्हेनियातून

इथे ‘फॉल’ म्हणजे रंगीत पानं बघायला गाड्यांच्या रांगा. मला मात्र हा धागा वाचून हॉक माउंटन आठवलं. तेही डोंगरमाथ्यावरचं छोटं राखीव ठिकाण. पूर्वी शरदात स्थलांतर करणारे शिकारी पक्षी तिथे बंदुकीने टिपायचे. १९३४ मध्ये रोझली एज नावाच्या बाईंनी ती जागा भाडेपट्ट्याने घेतली, रखवालदार बसवला आणि शिकार थांबवली. आता दर शरदात तिथे बसून पक्षी मोजतात. सप्टेंबरच्या मध्यावर गेलात तर एका दिवसात हजारो ससाणे-बाज जाताना दिसू शकतात. लोक घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन दिवसभर खडकांवर बसतात, कुणाला चालायची घाई नाही. चहाबाज यांनी तिथे जावं, नावाला जागता येईल.

डिसेंबरात भारतात येतोय. तेव्हा सुप्यात काय असेल?

खोकड

डिसेंबरात गवत वाळून आडवं झालेलं असतं, पण पक्षी भरपूर. भोवत्ये स्थिरावलेले, कधी स्टेपी गरुड, भोरड्यांचे थवे ज्वारीवर. फक्त लांडग्यांची पिल्लं साधारण त्याच काळात होतात. कुणी ‘बीळ दाखवतो, फोटो मिळेल’ म्हणालं तर नाही म्हणा. माणसं घुटमळली की मादी पिल्लं हलवते, आणि त्या हलवाहलवीत कुत्र्यांना सापडतात.

सुप्याला जोडून गवताळ प्रदेशच बघायचा असेल तर वनखात्याने इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला सफारी सुरू केली आहे. स्थानिक वाटाडे असतात, त्यांच्याबरोबर फिरलात तर करहाकाठ म्हणतात तशी इथली माणसं जोडली जातात आणि गावात चार पैसेही राहतात.

दोन_पोरांची_आई

ठरलं, येत्या रविवारी पहाटे निघतोय. रस्ता कुठला घेऊ? सासवड-जेजुरी-मोरगाव की सोलापूर रस्त्याने चौफुला? आणि खाण्याचं, मुलांच्या शू-शीचं काय?

करहाकाठ

ताई, रविवारी जेजुरीकडून येऊ नका, देवदर्शनाच्या गर्दीत अडकाल. सोलापूर रस्त्याने चौफुल्याला या, तिथून उजवीकडे मोरगाव रस्ता धरा, सुपे मध्येच लागतं. पुण्यापासून साधारण ७० किलोमीटर. चौफुल्याचं नाव काढलं की घरचे पुरुष हसतील, त्यांना लावणी आठवते. लक्ष देऊ नका.

शू-शी चौफुल्यालाच उरकून घ्या, आत जाऊन मग पोरांना गवतात पाठवू नका. पाणी घरून भरपूर आणा. बाहेर पडल्यावर मोरगावला देवळाजवळ पोहे-मिसळ मिळते. परत जाताना वेळ असेल तर यवतजवळच्या भुलेश्वरला जा, पोरांना दगडातले हत्ती-घोडे आवडतील.

चहाबाज

रविवारी मीही येऊ म्हणतो. बायकोला सांगितलं नाहीये अजून. उंचवट्यावर बसतो, वारा तोंडावर घेतो. चहा चालतो ना तिथे?

खोकड

थर्मासमधला चालतो. स्टोव्ह पेटवलात तर मीच तक्रार करीन. वाळलेलं गवत आहे, राव.